भेटीचा दिवस चुकवू नका

‘याला आता ठाण्याला पाठवायला हवं.’ मराठी घरांत हे वाक्य हसत हसत म्हटलं जातं. पुण्याकडे ठाण्याच्या जागी येरवडा येतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यातून हा विनोद जन्माला आला. पाठवल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं, त्याला भेटायला कोण जातं, तो परत कधी येतो, या गोष्टी विनोदात येत नाहीत. आणि पाठवायचं ते माणूस दहा-बारा वर्षांचं असेल, तर हसूही येत नाही.

अशाच एका मुलाची गोष्ट सांगणारा एक कृष्णधवल अमेरिकन चित्रपट आहे. नाव ‘अ चाइल्ड इज वेटिंग’, साल १९६३. हा चित्रपट विस्मरणातून वाचवायला हवा, आणि ते काम आपल्यासारख्या प्रेक्षकांनी करायला हवं, एवढंच सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. साठ वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या चित्रपटासाठी आपण का धावाधाव करायची, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी चित्रपटाकडे जाऊ.

सुरुवातीलाच एक मोटार बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या सरकारी संस्थेच्या आवारात येऊन थांबते. आत रूबेन नावाचा मुलगा बसला आहे आणि तो उतरायला तयार नाही. संस्थेचे प्रमुख डॉ. क्लार्क त्याला गोडीगुलाबीनं खाली उतरवतात. मुलगा गाडीबाहेर पडतो न पडतो तोच वडील गाडी भरधाव सोडतात. निरोप नाही, डोक्यावरून हात नाही. पुढचा सगळा चित्रपट या काही क्षणांचा हिशेब मागत राहतो.

रूबेन तिथेच राहतो. भेटीच्या दिवशी इतर मुलांचे आईबाप येतात, रूबेनचं कुणीच येत नाही. तरीही प्रत्येक भेटीच्या दिवशी तो वाट पाहत बसतो. संस्थेत संगीत शिकवायला आलेल्या जीन हॅन्सनला हे बघवत नाही. तिचा जीव त्याच्यात गुंततो. डॉ. क्लार्कना ते पसंत नाही. त्यांच्या मते, एका मुलावर असा जीव लावला की बाकीची मुलं दुरावतात आणि त्या मुलाचंही भलं होत नाही, कारण तो स्वतःच्या पायावर उभा राहायचं सोडून तिच्या पदराला धरून बसतो. जीनला हे ऐकायचं नसतं. रूबेन आजारी असल्याचा बहाणा करून ती त्याच्या आईला बोलावून घेते. आई येते, जीनशी बोलते, आणि मुलाला न भेटताच निघते. मात्र मुलगा तिला पाहतो आणि तिच्या गाडीमागे धावत सुटतो.

हा प्रसंग मी पाचेक वेळा पाहिला असेन. आईला खलनायिका करून टाकणं पटकथाकाराला सोपं होतं, पण त्यानं ते केलेलं नाही. ती बाई आतून पोखरली गेली आहे. भेटलं तर पुन्हा सोडून जावं लागेल, म्हणून भेटायचंच नाही, असं तिचं गणित आहे. हे गणित आपल्याकडच्या किती घरांत गुपचूप मांडलं गेलं असेल, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

चित्रपटामागची माणसं साधी नव्हती. कथा ॲबी मान यांची. १९५७ मध्ये त्यांनी ती दूरचित्रवाणीसाठी नाटक म्हणून लिहिली होती. त्याच मान यांनी पुढे ‘जजमेंट ॲट न्यूरेम्बर्ग’ची पटकथा लिहिली. त्या चित्रपटाचे निर्माते-दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर इथे निर्माते झाले, आणि त्यातलेच बर्ट लँकॅस्टर व जुडी गार्लंड इथे डॉ. क्लार्क आणि जीन झाले. दिग्दर्शनासाठी आणलं ते जॉन कॅसावेट्स या तरुणाला. त्यानं ‘शॅडोज’ हा चित्रपट कमी पैशांत, स्टुडिओच्या शिस्तीबाहेर करून दाखवला होता. रूबेनचं काम ब्रूस रिची या बालनटानं केलं. त्याच्याभोवती दिसणारी बहुतेक मुलं मात्र नट नव्हती. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या पॅसिफिक स्टेट हॉस्पिटलमधली ती खरीखुरी मुलं होती. म्हणून वर्गातले प्रसंग बघताना वेगळंच काही होतं. कुठलं मूल पुढच्या क्षणी काय करील हे कुणालाच ठाऊक नाही, लँकॅस्टरसारख्या कसलेल्या नटालाही नाही. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांजवळ थांबतो, घाई करत नाही. थोड्या वेळानं आपण ‘हे मूल वेगळं आहे’ हे विसरतो आणि कोण खोडकर, कोण हट्टी, कोण मायाळू हे ओळखू लागतो.

मग भांडण झालं. संकलनाच्या वेळी क्रेमर यांनी कॅसावेट्सना बाजूला केलं आणि चित्रपट आपल्या पद्धतीनं पुरा करून घेतला. कॅसावेट्सनी तो आपला मानला नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की क्रेमर यांच्या चित्रपटातून या मुलांची जागा संस्थेतच आहे असा अर्थ निघतो. आपण चित्रित केलेल्या चित्रपटाचं सांगणं वेगळं होतं. ही मुलं त्यांच्या परीनं शहाण्यासुरत्या मोठ्यांपेक्षा सरस आहेत, आणि खोट आहे ती आपल्यात. कॅसावेट्सच्या मनातला चित्रपट प्रेक्षकांसमोर कधी आलाच नाही. आज आपल्या हातात आहे तो दोघांच्या ओढाताणीतून उरलेला. तिकीटबारीवरही तो पडला. पुढे कॅसावेट्स स्वतंत्र सिनेमाचा आद्य पुरुष म्हणून गाजले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनीही या चित्रपटाला सावत्र ठरवलं. निर्मात्याचा म्हणून दिग्दर्शकाच्या भक्तांना नको, आणि उदास म्हणून बाजाराला नको. रूबेनसारखीच गत झाली त्याची.

चित्रपट दोन तऱ्हांनी मरतो. पहिली तऱ्हा आपण पुण्यात पाहिली आहे. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि नायट्रेटवरची जुनी रिळं राख झाली. ‘अ चाइल्ड इज वेटिंग’वर अशी वेळ आलेली नाही. त्याच्यावर दुसरी तऱ्हा गुदरते आहे. प्रत शाबूत, आणि बघणारं कुणी नाही.

एका चित्रपटानं असा काय फरक पडतो? फरक पडल्याचा दाखला आहे. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकानं एक लहानसा माहितीपट केला. लॉरा नावाची दोन वर्षांची मुलगी आठ दिवसांसाठी रुग्णालयात दाखल होते, एवढंच त्यात आहे. आईबापांनी रुग्णालयात फार येऊ नये, आल्यावर मूल रडतं, शिस्त बिघडते, असा तेव्हा दंडक होता. आई नसताना लॉरा फारशी रडत नाही, शहाण्यासारखी वागते, आणि दिवसागणिक विझत जाते, हे रॉबर्टसननं कॅमेऱ्यात पकडलं. डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते भडकले, आमची बदनामी म्हणाले. पण माहितीपट दाखवला जात राहिला. १९५९ मध्ये तिथल्या प्लॅट समितीनं शिफारस केली की आजारी मुलाला आईबापांना केव्हाही भेटता यावं. आज आपल्या रुग्णालयांतही मुलांच्या कॉटशेजारी आईसाठी एक स्टूल असतं. त्या स्टुलाच्या इतिहासात कॅमेऱ्याचाही वाटा आहे.

अमेरिकेतही १९६३ हे साल महत्त्वाचं. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि ती त्यानंतर कायमची संस्थेत होती. घरानं हे झाकून ठेवलं होतं. १९६२ मध्ये दुसरी बहीण युनिस हिनं एका लोकप्रिय साप्ताहिकात रोझमेरीबद्दल उघडपणे लिहिलं. ऑक्टोबर १९६३ मध्ये केनेडींनी मोठ्या बंदिस्त संस्थांऐवजी वस्तीजवळ उपचारकेंद्रं उभारण्याच्या कायद्यावर सही केली. या एका चित्रपटामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. घराघरांतली झाकलेली मुलं उजेडात येत होती, त्या काळाचा हा चित्रपट आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या देशात मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं ८७ वं कलम अठरा वर्षांखालील मुलांसाठी आहे. कलम वाचताना मला रूबेनची मोटार आठवते, कारण ती मोटार पळू नये अशीच त्याची रचना आहे. बाहेरचे सगळे उपाय थकल्याशिवाय मुलाला मनोरुग्णालयात दाखल करता येत नाही. एका मनोविकारतज्ज्ञासोबत दुसऱ्या तज्ज्ञानं किंवा डॉक्टरनं त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, आणि ती जागा त्याच्या वयाला व वाढीला साजेशी हवी. घरचं माणूस किंवा त्यानं नेमलेलं माणूस दाखल असेपर्यंत सतत मुलासोबत राहिलं पाहिजे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर सोबतीला बाई हवी. दाखल केल्याची खबर ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य मंडळाला द्यायची, आणि मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळानं पुन्हा पुन्हा फेरतपासणी करायची.

‘सतत सोबत राहिलं पाहिजे’ हे शब्द कागदावर आणायला किती वर्षं लागली! अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले, आणि घरच्या माणसांना उपचारात सामील करून घेतलं. घरचं माणूस जवळ असलं की रुग्ण लवकर घरी जातो, हे त्या तंबूंनी दाखवलं. पुढे बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत मुलासोबत पालक राहू लागले.

पण कायदा स्वतःहून कुणाच्या उशाशी जाऊन बसत नाही. नंदुरबारकडची एखादी मजूर बाई मुलाला घेऊन शेकडो किलोमीटरवरच्या शहरात महिनाभर राहणार, तर तिच्या बुडालेल्या मजुरीचं काय? घरी ठेवलेल्या धाकट्यांना कोण बघणार? गावात ‘त्या’ दवाखान्याचं नाव फुटलं तर मोठ्या लेकीचं लग्न कसं जमणार? हे प्रश्न सुटले नाहीत तर कलम शाबूत राहील आणि मोटार तरीही पळेल. ते सोडवायला पैसा लागतो, आणि हा पैसा खर्च झालाच पाहिजे असं समाजाला वाटावं लागतं. तसं वाटण्यासाठी आधी ते मूल दिसावं लागतं. परिपत्रकातून ते दिसत नाही. नाटक-सिनेमातून दिसतं.

इथे एक फरक नोंदवतो. बौद्धिक अक्षमता वेगळी आणि मनोविकार वेगळा. आपला २०१७ चा कायदाही बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजारात धरत नाही. १९६३ च्या चित्रपटात ही सरमिसळ आहे, कारण त्या काळच्या संस्थांतही ती होती. एकाच फाटकातून सगळी मुलं आत जात. चित्रपट दाखवताना हा फरक समजावून सांगावा लागेल. त्यानं चित्रपटाचं महत्त्व कमी होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावातल्या महाविद्यालयात आम्ही हा चित्रपट दाखवला. तीसेक माणसं होती. पडदा म्हणजे भिंतीवर ताणलेली चादर. संवाद इंग्रजी, म्हणून मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होतो. तसं करू नये, पण दुसरा इलाज नव्हता. शेवटी दिवे लागले, मुलं पांगली. एक वयस्क गृहस्थ बसून राहिले. टोपी मांडीवर. मला वाटलं डोळा लागला. जवळ गेलो तर म्हणाले, ‘सर, तो बाप गाडी पळवतो ना, ते बघितलं. आमच्याकडं गाडी नव्हती. आम्ही एसटीनं आलो. धाकट्या भावाला ठेवून. पण मागं वळून बघितलं नाही, हे खरं.’ मी विचारलं, पुन्हा कधी गेला होता का? ते म्हणाले, ‘आई असेपर्यंत ती जायची. राखी पौर्णिमेला बहीण जायची. नंतर कोण?’ मग उठले, टोपी घातली, चहा नको म्हणाले आणि गेले.

त्यांनी ही गोष्ट यापूर्वी कुणाला सांगितली होती की नाही, मला माहीत नाही. चादरीवर एक परका बाप गाडी पळवताना दिसला आणि यांच्या तोंडून आपली एसटी बाहेर पडली. माझ्यापुरता चित्रपट वाचवण्याचा मुद्दा त्या दिवशी निकालात निघाला.

आक्षेप आहेत, ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला भाषेचा. चित्रपटात या मुलांसाठी वापरलेले शब्द आज कानाला बोचतात. बोचायलाच हवेत. आपल्याकडे ‘मतिमंद’ हा शब्द कित्येक शाळांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षं मिरवला, आणि ज्यांनी तो मिरवला त्यांतली पुष्कळ माणसं त्या मुलांसाठी आयुष्य झिजवत होती. शब्द जुना झाला म्हणून काम खोटं ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. त्या खऱ्या मुलांना पडद्यावर आणताना त्यांची संमती कुणी घेतली होती? त्यांना कळलं होतं का? हा प्रश्न प्रत्येक खेळानंतर चर्चेत यावा. आज वृत्तवाहिन्या आणि मोबाईलवाले अशा मुलांचे चेहरे सर्रास दाखवतात, त्यांना तोच प्रश्न विचारायची सवय त्यातून लागेल. तिसरा आक्षेप डॉ. क्लार्कच्या कठोरपणावर आहे. ते बरोबर की जीन बरोबर, यावर चित्रपट आपल्याला भांडू देतो. चांगल्या नाटकाची ही खूण आहे, आणि मराठी माणसाला नाटक संपल्यावर भांडायला शिकवावं लागत नाही.

आपली स्वतःची परंपराही इथे जोडून घेऊ. जयवंत दळवींनी ‘नातीगोती’ लिहून अशा मुलाच्या आईबापांची घालमेल व्यावसायिक रंगभूमीवर आणली, आणि प्रेक्षकांनी ते नाटक पाहिलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया आणि ‘कासव’मध्ये नैराश्य पडद्यावर आणलं. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. २००४ मध्ये ‘श्वास’ ऑस्करच्या वाटेला निघाला तेव्हा सामान्य प्रेक्षकांनी त्याच्यासाठी पैसे गोळा केले होते. रुग्णालयातल्या एका पोराची आणि त्याच्या आजोबांची ती गोष्ट. म्हणजे अशा कामासाठी खिशात हात घालणारा हा समाज आहे. त्याला कुणीतरी हाक मारायला हवी.

ती हाक अशी.

फिल्म सोसायट्यांनी वर्षातून एक खेळ या चित्रपटाचा लावावा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करतं आहे, पुण्यात आशय आहे, लहान शहरांतही चार वेडी माणसं पडदा लावत असतात. १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या दिवशी फलक आणि घोषणा होतातच, त्यांच्या जोडीला दीड-दोन तासांचा हा खेळ ठेवा. हक्कांची परवानगी रीतसर घ्या, चोरीची प्रत नको.

मराठी उपशीर्षकं हवीत. इंग्रजी आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या विद्यार्थ्यांचा गट बसला तर हे काम सुटीत होण्यासारखं आहे. भाषांतर करताना त्या जुन्या शब्दांना आज काय म्हणायचं यावर जी वादावादी होईल, तीच त्यांचं अर्धं शिक्षण करील.

परिचर्या, समाजकार्य आणि अध्यापक विद्यालयांनी हा चित्रपट वर्गात दाखवावा, आणि लगेच ८७ वं कलम मोठ्यानं वाचावं. रूबेन आज आपल्या जिल्ह्यात असता तर कुठल्या टप्प्यावर कुणी काय करायला हवं होतं, हे विद्यार्थ्यांनी कागदावर मांडावं. परीक्षेत तो प्रश्न येणार नाही, नोकरीत मात्र येईल.

नाट्यसंस्थांनी ‘नातीगोती’ पुन्हा करावं, आणि त्याचं नीट चित्रीकरण करून ठेवावं. नव्या लेखकांनी मनोरुग्णालयातल्या मुलाबद्दल आणि त्याच्या उशाशी बसलेल्या आईबद्दल लिहावं. तिची बुडालेली मजुरी त्यात येऊ द्या.

आणि तुम्ही, वाचक. तुमच्या नात्यागोत्यात कुणी ‘ठेवलेलं’ असेल, तर भेटीची वेळ विचारून घ्या आणि जा. बहुतेक घरांत असं एक नाव असतं, जेवणाच्या पंगतीत न निघणारं. चित्रपट वाचवायचा तो त्या नावासाठीच.

चित्रपटाच्या शेवटाकडे मुलं मिळून एक कार्यक्रम करतात. त्याच दिवशी रूबेनचे वडील संस्थेत येतात ते मुलाला खासगी शाळेत हलवायला. तेवढ्यात कविता म्हणणाऱ्या मुलाचा आवाज त्यांच्या कानी पडतो आणि ते थबकतात. म्हणून खेळ लावाल तेव्हा एवढं करा. पुढच्या रांगा पाहुण्यांना द्या, पण मागच्या दाराजवळ दोन-तीन खुर्च्या रिकाम्या ठेवा. कुणीतरी उशिरा येईल, आत यायला बिचकेल. त्याला बसायला जागा असू द्या.